आवडता लेखक : कोणत्या दाराने आत शिरावं?

अक्षरवेल

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला धागा आज काढतेय.

काही वर्षांपूर्वी मी एक यादी केली होती. 'वाचलीच पाहिजेत' अशी शंभर पुस्तकं. वही आखली, प्रत्येक नावापुढे चौकोन काढला, पुस्तक संपलं की आत खूण. एकेचाळीस चौकोन भरले आणि माझं वाचनच बंद पडलं. शेवटची दहा-बारा पुस्तकं मी वाचत नव्हतेच, नुसती उरकत होते. दर थोड्या वेळाने उजव्या अंगठ्याने उरलेली पानं चाचपायची, अजून एवढी आहेत म्हणून जीव जड व्हायचा. पुढची जवळजवळ दोन वर्षं एकही पुस्तक शेवटपर्यंत गेलं नाही.

परत आले ती व्यंकटेश माडगूळकरांमुळे. कुणाची तरी वाट बघत बसले होते, समोर 'माणदेशी माणसं' पडलं होतं. पहिलंच व्यक्तिचित्र उघडलं, 'धर्मा रामोशी'. चार-दोन पानांचा ऐवज. त्यात एक जुनं धोतर आहे. त्या धोतराचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांचा घास काढून घेतल्यासारखं होईल. मी ते पान संपवलं आणि पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. एकाही वाक्यात 'गरिबी' म्हणून गळा काढलेला नाही. हे पुस्तक 1949 सालचं, म्हणजे लिहिणारा माणूस विशीतच होता. एवढं कमी बोलायचं शहाणपण त्या वयात कुठून आलं असेल, हा विचार आजही डोक्यातून जात नाही.

त्यानंतर 'बनगरवाडी', मग 'सत्तांतर', असं करत माडगूळकरांचं हाताला लागेल ते वाचत गेले. यादीची वही कुठे गेली माहीत नाही.

तर या धाग्यावर मला याद्या नकोत. प्रत्येकाने एकच लेखक सांगायचा, ज्याच्याकडे तुम्ही कुणी न सांगता परत परत जाता. आणि मुख्य म्हणजे दार सांगायचं : नव्या वाचकाने त्या लेखकाचं पहिलं काय उघडावं? एखादी कथा, एखादं प्रकरण, दोन पानंसुद्धा चालतील. 'थोर', 'महान', 'अजरामर' हे शब्द शक्यतो टाळा. त्यांनी पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही, नमस्कार करावासा वाटतो.

---

कातरवेळ

वाचनखूण साठवली. किती दिवसांनी असा धागा आला!

माझे जी. ए. कुलकर्णी. आणि दार सांगते ते कदाचित कुणाला पटणार नाही : 'बखर बिम्मची'. बहुतेकांना जीए माहीत असतात ते 'काजळमाया', 'पिंगळावेळ'वाले. कुणीतरी त्यांच्या हातात थेट 'विदूषक' किंवा 'स्वामी' ठेवतं आणि मग ते पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. 'बखर बिम्मची' हे छोट्या बिम्मचं आणि त्याच्या बहिणीचं, बब्बीचं पुस्तक आहे. मुलांसाठीचं. पण एखाद्या साध्या वस्तूकडे, प्राण्याकडे इतकं टक लावून पाहायची जीएंची जी सवय आहे ना, ती तिथे उन्हात दिसते. मोठ्यांसाठीच्या कथांत तीच नजर काळोखात जाते. आधी उन्हात ओळख झाली की काळोखात हात धरून जाता येतं.

दुसरी पायरी 'कैरी'. ही 'पिंगळावेळ'मध्ये आहे. त्यानंतर तुमचे तुम्ही.

---

चौकटीबाहेर

धागा छान. पण एक प्रामाणिक प्रश्न, कातरवेळ. धागा आनंदासाठी वाचण्याचा आहे आणि तुम्ही जीए सांगताय. मी 'काजळमाया' वाचलं तेव्हा आठवडाभर मला धड झोप लागली नव्हती. त्यातल्या माणसांची कुठे म्हणून सुटका होत नाही. ताकद आहे, मान्य. पण याला आनंद म्हणायचं का?

---

कातरवेळ

प्रश्न रास्त आहे. मी यावर पुष्कळ विचार केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आयुष्यात एक वर्ष फार वाईट गेलं. तेव्हा लोक हलकंफुलकं वाचायला आणून द्यायचे. मायेने द्यायचे, पण माझ्या डोळ्यांपुढून ओळी नुसत्या सरकत जायच्या. त्या पुस्तकांतलं जग माझ्या जगाशी बोलतच नव्हतं. जीएंची कथा वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला हे ठाऊक आहे. उत्तर नव्हतं त्यात, दिलासाही नव्हता. पण ज्याला मला नाव देता येत नव्हतं ते कुणीतरी नीट, एकेक शब्द पारखून कागदावर मांडून ठेवलं होतं. त्या रात्री मला शांत झोप लागली. तुमची उडाली, माझी लागली. मी ह्याला आनंदच म्हणते. हसू येतं तो एक, आणि एकटेपणाची कड मोडते तो दुसरा.

आणि त्यांची पत्रं वाचा, चार खंड आहेत. त्यातला पहिला सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. त्यात हा माणूस पुस्तकांविषयी इतका भरभरून बोलतो की वाचता वाचता आपल्याला दहा नवीन नावं सापडतात.

---

दिवेलागण

मी एरवी इथे वाचनमात्र असतो. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांची नजर शेवटच्या काही वर्षांत खूप अधू झाली. आयुष्यभर वाचलेला माणूस. मी रोज संध्याकाळी त्यांना अर्धा-पाऊण तास वाचून दाखवायला लागलो. सुरुवातीला वर्तमानपत्र, मग एकदा त्यांनीच नाव घेतलं : लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी ते तोवर वाचलेलं नव्हतं. शाळेत एक उतारा होता, त्याखाली प्रश्न होते, तेवढीच ओळख.

मोठ्याने वाचायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पुष्कळ पुस्तकांतली वाक्यं मनात वाचताना बरी वाटतात आणि तोंडाने वाचायला गेलं की दमछाक होते, श्वास कुठे घ्यावा कळत नाही. लक्ष्मीबाईंचं वाक्य तसं नाही. ते बोलत येतं. पहिल्या भागात त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं, सगळं घर त्यापायी जेरीस आलेलं. दुसरा कुणी असता तर कडवट झाला असता. ही बाई सरळ सांगत जाते, आणि सांगता सांगता हसवते, आणि हसता हसता आपल्या लक्षात येतं की त्या घरातल्या बायकांचे काय हाल झाले असतील.

बाबांची एक सवय होती. एखादं वाक्य आवडलं की उजव्या हाताचं बोट किंचित वर करायचे. म्हणजे थांब, परत वाच. मी परत वाचायचो. काही वाक्यांना तीन तीन वेळा बोट वर गेलं. मग मीही वाट बघायला लागलो, आता बोट वर जाईल का म्हणून. कित्येकदा जिथे मला वाटायचं तिथे जायचं नाही आणि भलत्याच साध्या ओळीला जायचं. त्या बोटाने मला जेवढं वाचायला शिकवलं तेवढं दुसऱ्या कशाने शिकवलं नाही.

ज्या बाईला लिहा-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं, तिचं हे पुस्तक. चार भाग, 1934 ते 1936 या काळात आले. चौथा त्यांच्या हातून पुरा झाला नाही, तो त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी पूर्ण केला. आम्ही तिसऱ्या भागाच्या मध्यावर होतो तेव्हा बाबा गेले. उरलेलं मी नंतर वाचलं. मोठ्यानेच वाचलं.

दार : पहिला भाग, अगदी पहिल्या पानापासून. पण मनात नको. कुणाला तरी वाचून दाखवा.

---

अक्षरवेल

दिवेलागण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काय लिहू सुचत नाही. त्या बोटाची आठवण आता 'स्मृतिचित्रे' उघडताना दर वेळी येणार.

---

शब्दसांधा

दिवेलागण, मोठ्याने वाचण्यावरून आठवलं म्हणून सांगते. एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या ज्यांच्यामुळे मराठी घरांत पोचल्या त्या उमा कुलकर्णी. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करत आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत लिहीत. म्हणजे आपण जे 'पर्व', 'वंशवृक्ष' वाचतो ते आधी कुणीतरी कुणाला वाचून दाखवलेलं आहे! मला हे कळलं तेव्हापासून त्या अनुवादांचा कानाला गोड लागणारा ओघ कुठून आला याचा उलगडा झाला.

माझं दार मात्र वेगळं. मला एकच लेखक सांगायचाय तर तो अनुवादक आहे : राम पटवर्धन. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक. त्यांचं 'पाडस', मूळ मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांचं 'द यर्लिंग'. मूळ पुस्तकाला 1939 सालचं पुलित्झर मिळालं होतं, पण ते बाजूला ठेवा. सुरुवातीला ज्योडी नावाचा मुलगा काम टाकून झऱ्याकाठी जातो आणि एक इवलीशी पाणचक्की बांधतो. ती फिरते, बस्स. एवढंच घडतं. पण ते फिरणं बघत बसण्याचा त्याचा आनंद असा उतरलाय की आपणही पालथं पडून पाण्याकडे बघत असतो. आणि मग अख्खं पुस्तक पार करून शेवटी तो परत त्या झऱ्यावर जातो, परत पाणचक्की करतो. तीच जागा, तेच पाणी. पण त्याला काही वाटत नाही. एखादा मुलगा मोठा झाला हे सांगायला याहून नेमकं काही मी वाचलेलं नाही.

लहानपणी वाचलं तेव्हा मी हरणासाठी रडले होते. चाळिशीत वाचलं तेव्हा ज्योडीच्या बापासाठी. म्हणून परत परत वाचते.

---

नवशिका

नमस्कार. इथे सगळे खूप वाचलेले लोक आहेत, त्यामुळे विचारावं की नाही कळत नव्हतं.

शाळेत असताना मी वेड्यासारखा वाचायचो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तोंडपाठ होता. जिभेने 'ट्टॉक' आवाज काढायचा सराव मी आरशासमोर करायचो. मग परीक्षा, मग नोकरी. आता पुस्तक हातात घेतलं की पाचव्या मिनिटाला हात आपोआप फोनकडे जातो. एकच परिच्छेद तीन वेळा वाचतो आणि तरी डोक्यात काही शिरत नाही. कादंबरी बघूनच धडकी भरते.

मला एकच सांगा. छोटं काहीतरी, पण लहान मुलांचं नको. एका बैठकीत धरून ठेवेल असं.

---

शब्दसांधा

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. 1939 सालचं आहे हे विसरून वाच. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून जीव घेऊन पळणारे ज्यू प्रवासी, एक मराठी तरुण आणि हॅर्टा. बोट पुढे सरकतेय आणि तिच्याबरोबर त्यांच्या हातातला वेळ संपतोय. त्यामुळे पुस्तक ठेवताच येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, उशाशी उपडा नको. आणि परिच्छेद डोक्यात शिरला नाही तर मागे जाऊ नकोस, पुढे जा. पुढच्या पानावर तो आपोआप उलगडतो.

---

रानवाट

मारुती चितमपल्ली. दार : 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा', कोणतंही पान.

वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस, गेल्या वर्षी, जून 2025 मध्ये गेला. त्यांनी जंगल तर दिलंच, पण मला जास्त ऋण वाटतं ते शब्दांचं. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द त्यांनी रुळवले. शब्द मिळाला की वस्तू दिसायला लागते. मी वर्षानुवर्षं ज्या झाडाखालून जात होतो त्या झाडावर काकागार आहे हे मला तो शब्द वाचल्यावर दिसलं. त्याआधी तिथे फक्त कलकलाट होता.

---

पानापानांत

रानवाट, +१. 'चकवाचांदण' आत्ताच परत वाचायला घेतलंय.

---

झुंजारभक्त

माझं नाव वाचूनच कळलं असेल. बाबूराव अर्नाळकर. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक. आणि त्यांच्या पाठोपाठ नारायण धारप, विशेषतः 'समर्थ' नावाचा नायक असलेल्या त्यांच्या भयकथा. हे दोघे नसते तर मी वाचक झालो नसतो. आमच्याकडे पुस्तकं नव्हती, ही पातळ, कोपरे दुमडलेली पुस्तकं कुणाकुणाकडून उसनी यायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची असायची. एका रात्रीत संपवायचं बंधन असल्यामुळे वाचायचा वेग आला, तो आजपर्यंत टिकला.

धारपांचं दार सांगायचं तर कुठलीही कथा घ्या, पण सुरुवातीची पानं हळू वाचा. भुताचं नाव निघायच्या आधी ते घर, जिना, खोलीतलं सामान असं शांतपणे मांडत जातात. नंतर जेव्हा त्या घरात काही हलतं तेव्हा आपण आधीच तिथे राहायला गेलेलो असतो.

---

चौकटीबाहेर

झुंजारभक्त, राग मानू नका, पण अर्नाळकर आणि लक्ष्मीबाई-जीए एकाच धाग्यात? वेळ मोजका असतो. चांगलं वाचायचं राहून जातं आणि आपण रहस्यकथांत रमतो, असं मला खरंच वाटतं.

---

अक्षरवेल

चौकटीबाहेर, तुमची तळमळ कळते, कारण माझी ती चौकोनांची वही ह्याच भावनेतून आली होती. पण तिनेच माझं वाचन बंद पाडलं.

डॅनियल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने 1992 मध्ये वाचनावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तो शाळेत शिकवायचा. पुस्तकाचा तिटकारा असलेल्या पोरांपुढे तो नुसता बसून मोठ्याने वाचायचा. प्रश्न नाहीत, टिपणं नाहीत. त्या पुस्तकात त्याने वाचकाचे दहा हक्क सांगितलेत. पहिलाच हक्क : न वाचण्याचा. मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, काहीही वाचण्याचा. मला अर्धवट सोडण्याचा हक्क मिळाला तो त्याच्याकडून. आता पन्नासेक पानांत मन लागलं नाही तर मी पुस्तक आदराने बाजूला ठेवते. त्यातली दोन-तीन पुढे आपणहून परत हातात आली आणि तेव्हा आवडली. तेव्हा वेळ आली नव्हती, एवढंच.

आणि अर्नाळकरांचं म्हणाल तर झुंजारभक्तांच्या त्या एका रात्रीच्या उसन्या पुस्तकात जी ओढ होती ती माझ्या एकेचाळीस चौकोनांत नव्हती. त्यांना ह्या धाग्यावर मानाची जागा आहे.

तुमचा लेखक मात्र तुम्ही अजून सांगितलेला नाही!

---

चौकटीबाहेर

बरोबर, टीका करून मोकळा झालो. सांगतो.

माझ्या दोघी आहेत, धागाकर्तीने चालवून घ्यावं, कारण मी त्यांना वेगळं करू शकत नाही. दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' 1962 चं, इरावती कर्व्यांचं 'युगान्त' 1967 चं. पाच वर्षांच्या अंतराने दोन विदुषी महाभारत उघडून बसल्या. एक लोकसाहित्याची अभ्यासक, दुसरी मानवशास्त्राची. माणसं तीच. पण दुर्गाबाई त्या माणसांच्या जवळ जाऊन बसतात, त्यांच्या मनात उतरतात, त्यांचं गद्य कवितेच्या काठाने चालतं. इरावतीबाई हातात दिवा घेऊन उभ्या राहतात : हे कुळ, ही सत्ता, हा हिशेब, आता सांगा कोण काय वागलं. त्यांना कुणाचीही भीड नाही.

मी हे असं वाचलं : आधी 'व्यासपर्व'मधला द्रौपदीवरचा लेख, मग लगेच 'युगान्त'मधला. मग दोन दिवस काहीच नाही. दोघींचंही पटतं आणि दोघींचं एकदम पटू शकत नाही, अशा कात्रीत सापडायला मला फार आवडतं. माझ्यासाठी आनंद म्हणजे हा. कातरवेळ, तुम्ही जीएंबद्दल लिहिलंत ते वाचल्यावर मला वाटलं, आपण दोघं फार लांब नाही.

आणि झुंजारभक्त, धारपांचं एखादं नाव सुचवा. समर्थांपैकीच. पहिली पानं हळू वाचेन.

---

पानापानांत

दुर्गाबाईंचा विषय निघालाच आहे तर 'ऋतुचक्र'. महिन्यागणिक एक लेख आहे. मी तो त्या त्या महिन्यातच वाचते, पुढचा उघडत नाही. 'वसंतहृदय चैत्र' पासून सुरू. हे माझं नववं वर्ष. दर वर्षी खुणेच्या ओळी वेगळ्या निघतात.

---

कातरवेळ

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इरावतीबाईंची लेक गौरी देशपांडे. 'युगान्त' आवडलेल्यांनी तिचं 'तेरुओ' वाचावं. नात्यांकडे बघताना तोच निर्भीडपणा, फक्त आवाज वेगळा. बर्टनच्या इंग्रजी अरेबियन नाइट्सचे सोळा खंड तिने मराठीत आणले, तो माझा पुढच्या हिवाळ्याचा बेत आहे.

---

नवशिका

परत आलो.

'रणांगण' मिळालं. काल रात्री जेवण झाल्यावर सुरू केलं. फोन स्वयंपाकघरात ठेवला होता. पहिली वीसेक पानं त्रास झाला, दोनदा उठून तिकडे गेलो आणि फोन न उचलता परत आलो. मग कधीतरी उठायचं विसरलो. शेवटी जी पत्रं आहेत ना, तिथे पोचलो तेव्हा बाहेर उजाडायला लागलं होतं. आज कामावर डोळे मिटत होते, पण दिवसभर ती बोट डोक्यात होती. शाळेनंतर असं पहिल्यांदा झालं.

शब्दसांधाताई, बेडेकरांची दुसरी कादंबरी कुठली घेऊ?

---

शब्दसांधा

नाही रे. कादंबरी त्यांनी ती एकच लिहिली. नाटकं आहेत, चित्रपट केले, आणि 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र आहे. त्याला 1985 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते घे. मोठं आहे, पण आता तुला धडकी भरणार नाही. आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजे विभावरी शिरूरकर, त्यांचं 'कळ्यांचे निःश्वास'ही बघ. छोट्या कथा आहेत.

---

नवशिका

दोन्ही शोधतो. मिळेपर्यंत 'रणांगण'मधली पत्रं परत वाचतो. पहिल्यांदा फार घाईत वाचली.